आहेराचे मासे

माझ्याकडे स्वतःचा मायक्रोस्कोप आहे हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक दूध घेऊन येतात आणि भेसळ आहे का बघा म्हणतात. धामणकर नाक्याजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये एकदा ही बातमी फुटली, तेव्हा खालच्या मजल्यावरचे एक काका टाकीतलं पाणी बाटलीत भरून आले आणि चहा होईपर्यंत माझ्या सोफ्यावरून हलले नाहीत. ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून रिटायर झाले आणि पहिली खरेदी ही केली. नोकरीत असताना मागे वर्गभर पोरं रांग लावून उभी असायची, त्यामुळे मला स्वतःला निवांत डोळा लावून काही बघताच आलं नव्हतं.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला मात्र हे ठाऊक होतं. शेलार गावची मुलगी, हुशार आणि तोंडाने फटकळ. नुकतंच लग्न होऊन मानकोलीकडच्या एका आगरी घरात गेली होती. सासऱ्यांची शेतं गोदामांखाली गेलेली, त्यातून बंगला उभा राहिलेला आणि बंगल्यापुढे शोभेच्या कोई माशांचं तळं. लाल-पांढरे, पिवळे, हातभर लांबीचे मासे. घरात रोज मासळी शिजते, पण या माशांना कुणी मासळी म्हणालेलं सासूबाईंना खपत नाही.

तिचा फोन आला तो थेट मुद्द्यावर. "मॅडम, मी या घरात आले आणि तळ्यातले मासे मरायला लागले. तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण स्वयंपाकघरातून पायगुण हा शब्द ऐकू येतो. सासूबाईंनी मला तळ्याकडे फिरकू नको म्हणून सांगितलंय. हे आत्ताच मिटलं नाही ना, तर जन्मभर या घरात काहीही बिघडलं की सगळे आधी माझ्याकडे बघतील."

पायगुण या शब्दाची मला चीड आहे. मुलगी घरात येते, त्याच महिन्यात कुणाचा तरी पाय मुरगळतो, नाहीतर टेम्पो बंद पडतो, आणि हिशेब तिच्या नावावर. मी तडक मायक्रोस्कोपची पेटी मांडीवर घेऊन रिक्षात बसले. ड्रायव्हरने आरशातून बघत विचारलं, "मॅडम, सिलाई मशीन है क्या?" मी हो म्हटलं. समजावत बसले असते तर मानकोलीपर्यंत त्याच्या मेव्हण्याचं रक्त तपासायचं ठरलं असतं.

तळ्यातलं दृश्य बघवेना. मासे भिंतीला अंग घासत होते, गोठ्यात म्हैस खांबाला पाठ घासते तसे. काही जण पाण्याची धार पडते तिथे तोंड वर करून उभे. सासऱ्यांनी एकाला जाळीत घेऊन टबात सोडलं. मी हात ओले केले, काचपट्टीच्या कडेने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हलकेच खरवडला, तळ्यातल्याच पाण्याचा थेंब टाकला आणि व्हरांड्यातल्या टेबलावर मायक्रोस्कोप मांडून डोळा लावला.

बशीसारखे गोल जीव, आत दात्यांचं चक्र, आणि जागच्या जागी गरागरा फिरतायत. भिवंडीसारख्या मागांच्या गावात राहून बॉबिन आठवली नाही तर नवलच. त्यांचं नाव ट्रायकोडिना. मला हे जीव फार आवडतात. इतके, की मासा टबात धापा टाकत असताना मी "अय्या!" म्हणाले आणि सासूबाईंनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी पदर सावरला.

"मीठ," मी म्हटलं. "तळ्यात जाडं मीठ घालायचं. किती घालायचं ते मी हिशेबाने सांगते."

सासरे खुर्चीतून उठलेच. "मिठाचा मना नका सांगू, मॅडम. आमचा बापूस मिठागरावरचा."

मी कागदावर आकडे मांडत होते तोवर पोती आलीसुद्धा. सासरे तळ्याकाठी बसले, थोडं मीठ ओतायचे, ढवळायचे, बोट बुडवून जिभेला लावायचे, मान हलवायचे, पुन्हा ओतायचे. मी खारटपणा मोजायची कागदी पट्टी बुडवून पाहिली, तर बरोबर आलं. मागाहून सासूबाई मूठभर मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या आणि तळ्यावरून दृष्ट काढून गेल्या. एका घरात मिठाचे दोन इलाज एकाच दुपारी झाले, आता मासे जातात कुठे, असं म्हणत मी मजेत घरी आले.

मासे गेले. पुढच्याच आठवड्यात आणखी एक गेला, तोही सासूबाईंच्या हातातून खाणारा. या वेळी फोनवर मुलीचा आवाज लहान झाला होता. "मॅडम, आता म्हणतात, मिठाने पण दृष्ट उतरली नाही म्हणजे किती कडक असेल बघा."

मला स्वतःचाच राग आला. एक मासा, एक काचपट्टी, आणि मी निकाल देऊन मोकळी झाले होते. हेच एखाद्या पोराने प्रॅक्टिकलला केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. दुसऱ्या खेपेला मी बरेच मासे धरायला लावले. टबात एकेक येऊ लागला तसा सगळ्यांचा इतिहास विचारत गेले. हा पहिल्यापासूनचा, हा त्याच्यानंतरचा.

"आणि हे दोन पिवळे?"

"हे आहेराचे," सासरे म्हणाले. "व्याह्यांनी दिलेले."

लग्नात मुलीच्या वडिलांनी सोन्याबरोबर दोन कोईही दिले होते, कारण विहीणबाईंचा जीव माशांत आहे हे त्यांच्या कानावर गेलेलं. तळ्याकाठी हळद-कुंकू झालं, नारळ फुटला, बँडवाल्यांनी गाणं वाजवलं आणि पिशवीतून मासे सोडले गेले. नवे मासे आधी काही दिवस वेगळ्या टबात ठेवायचे असतात, रोग असला तर तिथेच कळतो. पण व्याह्यांचा आहेर टबात वेगळा ठेवायचं या गावात कुणाच्या मनात येणार?

त्या पिवळ्यांच्या काचपट्टीवर ते सापडले. लांबट, पारदर्शक, मागच्या टोकाला आकडे. आकडे रोवून मासा धरायचा, पुढचं तोंड लांब करायचं, चाटायचं, पुन्हा आखडायचं. माशाच्या कातडीवरचे चपटे कृमी. मग जुन्या माशांवर बघितलं, तिथेही तेच. बॉबिनी मिठाने मेल्या होत्या, यांना तेवढ्या मिठाने काहीच झालं नव्हतं.

"मना बघू द्या," सासूबाई म्हणाल्या. मी त्यांना एक डोळा मिटायला सांगितलं, त्यांनी दोन्ही मिटले. मग सुनेने मागून येऊन त्यांच्या एका डोळ्यावर अलगद हात धरला. त्यांनी तो झटकला नाही, हे मी पाहून ठेवलं.

"गो बाय!" त्या किंचाळल्या. "ही पोटुशी हाय का काय?"

"हो. पोटात लेक दिसते ना? त्या लेकीच्याही पोटात नात आहे."

"न हिला डोहाळ्यांना खायाला काय?"

"तुमचे मासे."

त्या हसल्या, मग हसू थांबलं. मायक्रोस्कोपवरून डोळा काढून त्यांनी सरळ मला विचारलं, "पन ही आली कुठशी?"

मला उत्तर माहीत होतं. मी आले होते मुलीवरचा डाग पुसायला, आणि काचेवर तिच्याच माहेरचा आहेर वळवळत होता. "ते यात दिसत नाही," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. मायक्रोस्कोप काय आहे ते दाखवतो, कुणाबरोबर आलं ते दाखवत नाही.

"बाबांनी दिलेल्या माशांबरोबर आली," सून म्हणाली. "ते यायच्या आधी तळ्यात कुणाला काही झालं नव्हतं."

मी तिला डोळ्यांनी गप्प बस म्हणत होते. ती कॉलेजात असतानाही माझ्या डोळ्यांना कधी घाबरली नव्हती.

सासूबाई तळ्याच्या कट्ट्यावर बसल्या. मला वाटलं, आता झालं. त्या तळ्याकडे बघत बोलल्या. "लगेच सोडा म्हनून मीच बोलले. तुझा बापूस तर विचारत व्हता, वेगला ठेवायचा का."

मग त्यांनी सुनेला जवळ बसवलं. "मी या घरान आले त्या वरशी खाडीचा बांध फुटला. खारा पानी शेतान शिरला न सगला भात गेला. बांध चिंबोऱ्या-खेकड्यांनी पोखरलेला, भोकां सगल्यांना दिसत व्हती. पन नाव माझा झाला. सासू जिती व्हती तवर मना त्या शेतान पाय न्हाय ठेवू दिला. मंग सासू गेली न शेत पन गेला. आता तिथं गोदाम हाय."

"तुम्ही नंतर कधीच गेला नाहीत?" सुनेने विचारलं.

"गोदामान जाऊन काय करू?"

सासरे जाळी हातात धरून उभे होते. त्यांना इतक्या वर्षांच्या संसारात हे कधी कुणी सांगितलं नव्हतं, असं त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. मी आपली काचपट्ट्या पुसत बसले. माझे डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दाखवायचे नव्हते.

जंतांचं औषध लागू पडलं आणि हळूहळू मासे भिंत सोडून तळ्याच्या मध्ये पोहायला लागले. वाचायचे तेवढे वाचले. औषध सुनेनेच घातलं, सासूबाई शेजारी उभ्या राहून तिला इकडे टाक, तिकडे टाक सांगत होत्या.

त्यानंतरच्या रविवारी मुलीचा पुन्हा फोन आला. सासूबाईंना गाडीत घालून ती गोदामावर घेऊन गेली होती. गेटवर वॉचमनने अडवलं. "किससे मिलना है, अम्मा?"

"कोनाला न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "माझा शेत हाय हा."

त्याला मराठी कितपत कळलं कोण जाणे, पण त्याने गेट उघडलं. आत ट्रक लागत होते. सासूबाईंनी गेटापाशी चपला काढून ठेवल्या आणि तापलेल्या सिमेंटवर चालत पार खाडीच्या बाजूच्या भिंतीपर्यंत गेल्या. सून चपला हातात घेऊन मागून जात होती. तिने दोनदा म्हटलं, पाय भाजतील, घाला. त्यांनी घातल्या नाहीत.