घोंगडीचा नवस

मला कंपवात जडला तेव्हा मराठी शाळेतली नोकरी संपून फार दिवस झाले नव्हते. आधी उजवा हात थरथरू लागला, मग सगळं अंग ताठत गेलं. नगरच्या डॉक्टरांनी सरळच सांगितलं की यावर औषध नाही, जपून राहा. मी मूळचा हट्टी. गावी, देवळाली प्रवरेत उतरलो तो थेट दत्ताच्या देवळात गेलो आणि नवस बोललो, की हात थांबेपर्यंत गादीला पाठ लावणार नाही, जमिनीवर घोंगडीवरच निजेन. देवाला चांगलं पेचात धरलं, अशा समाधानात घरी आलो.

हात काही थांबला नाही. उलट वर्षभरात असं झालं की एकदा आडवा झालो की कूस बदलणंसुद्धा माझ्या हाती राहिलं नाही. घोंगडीची लोकर धोतराला धरून ठेवी. मग मी हाक मारायची आणि आमच्या हिनं उठून मला वळवायचं, सकाळी काखेत हात घालून उभं करायचं. तिची कंबर धरली, पण नवसाबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. पहाटे काकड आरतीची घंटा ऐकू आली की माझा जीव तुटे. कित्येक वर्षांत मी ती आरती चुकवली नव्हती. देऊळ घरापासून शंभर पावलांवर, पण मला अंथरुणातून निघेपर्यंत उजाडून जाई. इतकी ओढ तरुणपणीही कशाची लागल्याचं मला आठवत नाही.

अशी दोन वर्षं गेली. लेक बाळंतपणाला यायची होती, म्हणून हिनं गादी भरायला पिंजारी बोलावला. नेहमीचा आला नाही. कुणी अनोळखी, पांढऱ्या दाढीचा मुसलमान आला. महायुद्धामुळे कापड मिळेना, तेव्हा खोळीसाठी हिनं आपलीच जुनी लुगडी काढली. तो अंगणात कापूस पिंजत होता. हिनं मला ओसरीवर उभं केलं, पण पाय जागचे हलेनात. त्यानं पाहिलं, धनुकली खाली ठेवली आणि माझ्यापुढे आपलं पाऊल आडवं लावून म्हणाला, "मास्तर, ह्याच्यावरनं पाय टाका." मी टाकला आणि चालू लागलो.

"आमच्या अब्बांचं बी असंच हुतं," तो म्हणाला. "तुमी घोंगडीवर नगा निजू. ती मानसाला सोडत न्हाई."

हिनं खालच्या आवाजात नवसाचं सांगितलं. तो कापूस मोकळा करता करता म्हणाला,

"अब्बा जिमिनीवर नमाज पढायचे. मंग गुडघं टेकलं की उठताच येईना. लई रडले. शेवटाला खाटंवर बसून पढाय लागले. अल्लानं काय कान झाकले न्हाईत, मास्तर."

अट मी घातली होती आणि तिचा भार वाहत होती ही. इतकी साधी गोष्ट आयुष्यभर पोरांना शिकवणाऱ्याला कळू नये, याची लाज वाटली. देवळाच्या दिशेनं हात जोडून मी नवस मागे घेतला.

लेकीची गादी त्यानं मऊ केली. माझी मात्र ठासून भरली आणि दाट टाके घातले. "मऊ गादीत तुमी रुतून बसाल," म्हणाला. फळ्यांचा पलंग गुडघ्याइतका उंच असावा, वर जुनं लुगडं अंथरावं म्हणजे अंग सरकतं, पायथ्याला दोरी बांधून ती धरून उठावं, हे सगळं सांगून तो गेला. पुढे राहुरीच्या बाजारात मी बरीच चौकशी करवली, पण कुणी त्याला ओळखेना. तो कोण होता यावर मी वाद घालत नाही. मला तो मिळाला, एवढं खरं.

पलंग त्यानं सांगितला तसाच करून घेतला. चौथ्या दिवशी पहाटे घंटा सुरू झाली. मी दोरी धरली, अंग सरकलं, पाय खाली आले आणि मी एकटा उभा राहिलो. दाराकडे वळणार तोच हिच्याकडे नजर गेली. ती गाढ झोपली होती, तोंड जरासं उघडं. दोन वर्षांत मी तिला अशी झोपलेली पाहिली नव्हती. दाराची कडी काढली असती तर ती जागी झाली असती.

आरतीला मी दुसऱ्या दिवशी गेलो. त्या पहाटे मात्र पलंगापाशीच हात जोडले. ते थरथरतच होते, आजही थरथरतात. पण देवाकडे मी आता अट घेऊन जात नाही. तो देईल ते घेतो आणि त्याचे उपकार मानतो. देवळातली घंटा थांबेपर्यंत मी तसाच, हिची झोप राखत उभा होतो.