सरळ केबल

माझ्या सासुरवाडीच्या वजनकाट्यावर उंदरानं फक्त एक केबल कुरतडली. बाकीचं नुकसान मी केलं.

आदिलाबादजवळच्या जैनथला सासऱ्यांचा वजनकाटा आहे. कापसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढला की खोलीतल्या छोट्या डब्यावर वजनाचा आकडा दिसतो, तो जाड केबलीतून जुन्यापुराण्या कॉम्प्युटरला जातो आणि प्रिंटर करकरत पावती काढतो. ऐन हंगामात ती केबल तुटली. बाहेर अकरा ट्रॅक्टर, आणि पावतीशिवाय जिनिंग मिलवाले माल उतरवून घेत नाहीत.

"जावईबापू, तुमाले कॉम्प्युटरचं समजते ना?" सासऱ्यांनी विचारलं.

(मी शाळेत मराठी शिकवतो. पण लग्न जुळवताना कोणीतरी 'पोराला कॉम्प्युटर येतो' असं सांगितलं होतं, आणि ते मी कधी खोडून काढलं नाही.)

"अहो, तुटकी केबल नमुन्याले संगं न्या," माझी बायको सुनंदा म्हणाली.

"काऊन? नऊ पिनांची केबल. सारं डोक्यात हाय."

आदिलाबादच्या दुकानदारानं विचारलं, "सीधा चाहिए या क्रॉस?"

क्रॉस म्हणजे काय, हे विचारायची लाज वाटली. "सीधा," मी ठणकावलं. सरळ वस्तू केव्हाही बरी.

केबल दोन्हीकडे झकास बसली. पहिला ट्रॅक्टर काट्यावर घेतला. डब्यावर वजन होतं, कॉम्प्युटरवर शून्य. टोकांची अदलाबदल केली. शून्य. फुंकर मारून लावली. शून्य. ट्रॅक्टरवाले खाली उतरून खिडकीशी जमले. शेवटी सुनंदानं दुकानात फोन लावला आणि दोन मिनिटं ऐकून घेतलं.

"अहो, ह्या केबलीत बोलायची तार बोलायच्याच तारेले जोडली हाय. दोघंबी बोलून राह्यले, ऐकत कोनीच नाही. क्रॉस केबलीत एकाचं बोलनं दुसऱ्याच्या कानात जाते."

पुन्हा बस, पुन्हा आदिलाबाद. या खेपेला क्रॉस आणली आणि लावली. एवढ्यात सासूबाई माझ्यासाठी चहा घेऊन आल्या.

"मामी, काटा रिकामा हाय, जरा त्यावर उभ्या राहा. पाहून घेऊ."

त्या बिचाऱ्या कपबशीसकट उभ्या राहिल्या. प्रिंटर करकरला! आनंदाच्या भरात मी पावती ट्रॅक्टरवाल्यांना मोठ्यानं वाचून दाखवली: "वाहन, ट्रॅक्टर. माल, ओला कापूस. वजन, नव्वद किलो."

(सकाळच्या गाडीची माहिती कॉम्प्युटरमध्ये तशीच होती. ती आधी पुसायची असते.)

अकराच्या अकरा जण हसले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत.

"मी ट्रॅक्टर हाव?"

"नाही, नाही," मी घाईनं सावरलं, "तुमी कापूस."

"ओला?"

चहा आला तसा परत गेला.

त्या दिवसापासून काही बिघडलं की सासरे थेट सुनंदाला बोलावतात. काट्याची चाचणी घ्यायला तेवढं मला उभं करतात. साठ किलो भरतो. त्या घरात माझं एवढंच वजन उरलं आहे.