धाकटा दिसतो का?

आमच्या घरात अंधाराबद्दल तक्रार करायचे ते एकटे अण्णा, आणि तीही अंधार कमी झाला म्हणून. अण्णा म्हणजे माझे वडील. आमचं घराणं बंगळुरात इतक्या पिढ्या मुरलंय की वडिलांना बाबा म्हणणारं आमच्याकडे कुणी उरलेलं नाही. जयनगरच्या घराची गच्ची, जड दुर्बीण आणि उन्हाळ्यात जेवणाआधीचा तासभर वेळ, एवढं मिळालं की निवृत्तीनंतर त्यांचं कुणाकडे काही मागणं नसे.

वाट बघत होते ते एका ताऱ्याची. उत्तर मुकुट नावाची ताऱ्यांची छोटी कमान आहे, तिच्या कडेला हा असतो. एरवी इतका मंद, की आमच्या दुर्बिणीत दिसतच नाही. पण जोडीदार ताऱ्याचा वायू ओढत ओढत साधारण ऐंशी वर्षांनी तो भडकतो आणि थोडे दिवस नुसत्या डोळ्यांना दिसतो. मागचा भडका अण्णा पाळण्यात असतानाचा. "तेव्हा झोपून राहिलो, आता नाही झोपणार," म्हणायचे.

तारा दिसला नाही, हेही निरीक्षणच असतं. फक्त नुसतं 'नाही' म्हणून भागत नाही. आसपासचा सगळ्यात मंद कोणता तारा दिसला ते सांगावं लागतं, म्हणजे आपला त्याहून मंद आहे एवढं तरी पक्कं होतं. त्यासाठी अण्णांनी तीन शेजारी ठरवून ठेवले होते: थोरला, मधला आणि धाकटा. धाकटा सरळ बघून सापडत नसे. अशा ताऱ्यासाठी नजर जरा बाजूला ठेवायची, मग तो डोळ्याच्या कडेला उगवतो. शनिवारी मी माहेरी आले की अण्णा दुर्बिणीतून सांगत आणि मी मोबाइलवरून निरीक्षकांच्या गटाला कळवत असे.

मग एका उन्हाळ्यात धाकटा दिसेनासा झाला. मी राहते व्हाइटफील्डला. ते जयनगरच्या पूर्वेला, आणि मुकुटही पूर्वेकडूनच वर येतो. अण्णांना आयताच गुन्हेगार सापडला.

"तुमच्या व्हाइटफील्डानं धाकट्याला गिळला की गे!"

"आणि तुमच्या जयनगरच्या साड्यांच्या दुकानांत काय समया लावतात?" मी म्हणायची.

पुढच्या उन्हाळ्यात मधलाही गेला. आम्ही तेव्हाही हसलो. या गावात तळं गेलं, झाड गेलं, गारवा गेला, तरी कुणी केलं म्हणून शोधत बसावं लागत नाही; शहर वाढलं म्हटलं की झालं. तारे गेले त्याचंही तसंच. अण्णांचे डोळे तर ठणठणीत होते. पेपर जाहिरातींसकट वाचायचे, तांदळातला खडा अचूक उचलायचे. अधूनमधून दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, पायरी चुकायची. ते आम्ही वयावर ढकललं.

दुसऱ्या कुणाला एकदा बघायला लावावं, एवढी साधी गोष्ट आम्हाला सुचली नाही. एकाच्या नजरेवर विसंबू नये, हे अण्णांनीच मला शिकवलेलं. पण दुर्बीण त्यांच्या डोळ्याला जुळवलेली, मला चष्मा, आणि ते बघणार, मी कळवणार अशी वहिवाट पडलेली.

गेल्या वर्षी मे महिन्यात चौकटीला आपटून त्यांचा खांदा इतका दुखावला की दुर्बीण उचलवेना. "आज तू बघ. स्वल्प डावीकडे घे," म्हणाले. मी दुर्बीण माझ्या डोळ्याला जुळवून घेतली. कमान सापडली. थोरला दिसला. मधलाही दिसला. मग त्यांनी शिकवल्याप्रमाणे नजर बाजूला नेली, तर कडेला धाकटा.

मला इतका आनंद झाला, की मी ओरडलेच. "अण्णा, धाकटा आहे! कुणी गिळला नाही त्याला!"

अण्णा म्हणाले, "सरी बघ."

"नीटच बघितलं. आहे."

अण्णा हातानं चाचपत खुर्चीवर बसले. माझ्या आधी त्यांना कळलं होतं.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. तो कडेनं खात येतो, मधलं शेवटपर्यंत ठेवतो, म्हणून पेपर वाचता येत होता. गेलेलं परत येणार नाही, थेंब घालून उरलेलं टिकतंय का बघू. "थोडं आधी यायला हवं होतं," ते म्हणाले. आधी! दर शनिवारी अण्णा मोठ्यानं सांगत होते, आणि मी ते माझ्याच बोटांनी टाइप करून पाठवत होते. आम्ही सगळे ताऱ्याकडे बघत होतो. या गोष्टीची हळहळ माझ्या मनातून जात नाही, जाईल असं वाटतही नाही.

थेंबांनी फार काही टिकलं नाही. आता आकाश मोकळं असलं की मी बघते आणि अण्णा शेजारी खुर्चीत बसून आभाळाकडे तोंड करतात.

"धाकटा?"

"आहे."

"आणि आपला?"

"नाही, अण्णा."

"मला पण नाही," ते म्हणतात आणि खुशीत हसतात. जगभरचे लोक तो कधी भडकतो म्हणून टपून बसलेत. मी मात्र दुर्बीण लावताना दर वेळी मनात म्हणते, आज नको.