पितळेवरचा बाप

“आधी नाक, मग देव,” असं काशीराम प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. पनवेलच्या बाजारात तो पितळी पत्र्यावर मेण लावून सुईने चेहरा कोरायचा आणि ॲसिडने माणूस उमटवायचा. एक्याण्णव सालाच्या सुमारास गावोगावच्या मेलेल्या बापांना अचानक देव व्हायचं होतं.

कोन गावच्या नामदेवलाही मिठागरात टोपल्या वाहत राबलेल्या बापाच्या डोक्यामागे किरणांचं वलय हवं होतं, शिवाय आशीर्वादाचा हात.

“देवाला कुणी पाहिलेलं नसतं, म्हणून त्याला खुणा लागतात. तुझ्या बापाला अख्खं गाव ओळखतं,” काशीराम म्हणाला. नामदेव हटला नाही, तेव्हा त्याने तसंच कोरलं.

पत्रा न्यायला नामदेव आईला, वेणूला, घेऊन आला. नवऱ्याचा घरातला एकमेव फोटो वाळवीने अर्धा खाल्ला होता. आता तिला हाच चेहरा उरला होता.

“काशीरामदादा, ह्यो कोन बुवा? मागं थाली कशाला? आमचा तर ताडी पिऊन मला शिव्या घालायचा. याच्याशी मी काय बोलू?” तिचे डोळे भरले.

ॲसिडने खाल्लेली रेघ पुसता येत नाही. काशीरामने पुन्हा मेण लावलं आणि किरणांमधून आडव्या काड्या विणल्या. वलयाची मिठाची टोपली झाली. तिची कड त्याने आशीर्वादाच्या हातात दिली.

“हां, आता वळखला मेल्याला!” वेणू हसली.

“मामा, तुमी माज्या बापाला परत हमाल केला!” नामदेव ओरडला.

“मग कोण होता?” म्हणत काशीराम हात पुसत चहाला निघाला. नामदेव पत्र्याकडे बघत राहिला. वेणू मात्र काशीराम वळणाआड जाईपर्यंत हात जोडून त्याच्याकडे बघत होती.