मंत्र्यांचा उजवा खांदा

कुवेतमधल्या, जाब्रियातल्या आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये पेशंटची ओळख नावापेक्षा दुखण्यावरून राहते. हा गुडघा, ती कंबर. दोन हिवाळ्यांपूर्वी आलेला एक उजवा खांदा मात्र मी विसरायची नाही.

तो एका लिथुआनियन गृहस्थांचा होता. पासष्टी ओलांडलेली, उंची भरपूर, पाठ ताठ, बोलणं मोजकं. त्यांची मुलगी इथे तेल कंपनीत इंजिनिअर. वडिलांचं खांद्याचं ऑपरेशन झालं म्हणून हिवाळ्यापुरतं तिने त्यांना आपल्याकडे आणलं होतं. हात छातीच्या वर जात नव्हता.

मी नव्या पेशंटला विचारते तेच विचारलं, "बरं झाल्यावर या हाताने काय करता यायला हवं?"

कुणी सांगतं, केस विंचरता यावेत. कुणी म्हणतं, नातवाला उचलता यावं. हे म्हणाले, "पंधरा किलोची पेटी छातीपर्यंत उचलता आली पाहिजे. वसंत सुरू व्हायच्या आत."

"कसली पेटी?"

"मधमाश्यांची."

मला वाटलं, शेतकरी असतील. मुलगी निघताना हळूच म्हणाली, "ते आपणहून सांगणार नाहीत. बाबा आमच्या सैन्यात कर्नल होते. नंतर संरक्षणमंत्री."

मी नाशिकची. आमच्याकडे नगरसेवक आला तरी चार माणसं पुढे धावतात. आणि हे मंत्री आत्ताच रिसेप्शनपाशी अर्धा तास उभे राहिले होते, कारण आपली खुर्ची त्यांनी एका गरोदर बाईला दिली होती.

आठवड्याला तीन सेशन असत. आखडलेला खांदा मोकळा करताना फार दुखतं, म्हणून पेशंटला बोलतं ठेवावं लागतं. मी विचारत गेले आणि ते सावकाश, शब्द शोधत, इंग्रजीत सांगत गेले.

तरुणपणी ते सोव्हिएत सैन्यात कॅप्टन होते, घरापासून रेल्वेने चार दिवसांच्या अंतरावर. आपल्या देशाने स्वातंत्र्य जाहीर केल्याचं रेडिओवर ऐकलं आणि त्यांनी राजीनामा लिहिला.

"वरिष्ठ म्हणाले, क्वार्टर जाईल, पेन्शन जाईल, तुरुंगातही जाशील."

"मग?"

"मी म्हटलं, आमचं सामान थोडं आहे, आवरायला वेळ लागणार नाही."

बायको आणि तान्ही मुलगी घेऊन ते परतले. नव्या देशाकडे सैन्य असं नव्हतंच. संसदेभोवती लोकांनी कडं केलं होतं आणि रस्त्यांवर सोव्हिएत रणगाडे फिरत होते. यांच्या हाती आले शाळामास्तर, बसड्रायव्हर आणि कॉलेजातली मुलं.

"त्यांना काय शिकवलंत?"

"उभं राहायला. समोरचा डिवचत असताना हात न उचलायला. आमच्याकडून एक गोळी सुटली असती, तर त्यांना हवं ते निमित्त मिळालं असतं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड कवायत ती."

शेजारच्या बेडवर एक कुवेती आजोबा गुडघा शेकत पडले होते. ते म्हणाले, "रणगाडे आमच्याही रस्त्यावर आले होते, इराकचे. त्याच सुमाराला." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मान हलवली. त्यानंतर आजोबा येताना दोन कप चहा सांगूनच आत येत.

देवळालीच्या तोफांचे आवाज ऐकत मी वाढले. सैन्य ही गोष्ट डोंगरासारखी आधीपासून असतेच, असं मला वाटायचं. या माणसाने ते बुटांपासून उभं केलं होतं. बूटसुद्धा दुसऱ्या देशांकडून मागून आणलेले, डाव्या-उजव्याच्या जोड्या लावत बसायचं. पुढे ते कर्नल झाले, निवडून आले, मंत्री झाले.

"मग राजकारण का सोडलंत?" एकदा मी विचारून बसले.

ते म्हणाले, "हिवाळी सराव होता. अधिकारी म्हणाले, रस्त्यावर बर्फ आहे, दोन दिवस थांबू. परदेशी पाहुणे येणार होते. मी म्हटलं, ठरल्या दिवशीच होईल. ट्रक घसरला. एक मुलगा गेला. एकोणीस वर्षांचा."

चौकशीत त्यांच्यावर ठपका आला नाही. अपघात म्हणून प्रकरण मिटलं. त्यांनी तरीही पद सोडलं आणि मुलाच्या आईला भेटायला खेड्यात गेले. तिने दार उघडलं नाही. पुढच्या वर्षी त्याच दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या वर्षी तिने दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. घरामागे मुलाने ठेवलेल्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. तिकडे बोट करून ती म्हणाली, "माझ्याच्याने उचलत नाहीत. तुम्हाला येतं हे काम?"

"नाही," ते म्हणाले.

"मग शिका."

माझे हात थांबले. ते म्हणाले, "खांदा सोडू नका. आत्ता दुखत नाहीये."

शिकले ते. गेली कित्येक वर्षं दर शनिवारी दोन तास गाडी चालवून जात होते. चार पेट्यांच्या तेवीस झाल्या. इथे येण्याआधीच्या शरदात त्यातलीच एक उचलताना ते खांद्यावर पडले होते.

त्या दिवशी बसने घरी, अबू हलीफाला, जाईपर्यंत तेच डोक्यात होतं. देश उभा करणं मोठं खरंच. पण बंद दारासमोर तिसऱ्यांदा जाऊन उभं राहणं, ते कुठल्या मापाने मोजायचं, मला कळेना.

मार्चमध्ये शेवटचं सेशन झालं. हात खांद्याच्या वर जायला लागला होता. ते शर्टाची बटणं लावत होते, तेवढ्यात त्यांच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी, मागे वितळणारं बर्फ आणि पेट्यांची रांग; त्या मुलाची आई. ती भराभरा काहीतरी विचारत होती आणि हे शाळकरी मुलासारखे उत्तरं देत होते. मग फोन माझ्याकडे वळवून म्हणाले, "विचारतेय, किती वजन उचलू द्याल?"

मी आधी नमस्कार केला. मग म्हटलं, "दोन महिने पाच किलोच्या वर नाही."

त्यांनी सांगितलं. ती ठासून काहीतरी बोलली. यांना हसू आलं.

"म्हणतेय, मग पेटीतली पोळ्याची एकेक चौकट सुटी काढून न्यायची. पेटी ती धरेल."