हॉर्नकाकांचं सपाट अंगण

आयुष्यभर बस चालवून काकांच्या मणक्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. समोर चिटपाखरू नसलं तरी हॉर्न वाजवायची खोड, म्हणून डेपोत त्यांना सगळे हॉर्नकाका म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी चढावर टुमदार घर बांधलं. पण भोवतालची जमीन म्हणजे मागे टेकाड, पुढे खळगा. अंगणात खुर्ची टाकून बसलं की माणूस हळूहळू फाटकाकडे निघायचा.

"जेसीबी बोलवा भावजी, दुपारपर्यंत मोकळे व्हाल," मेहुणा म्हणाला.

"खड्डे मी खाल्लेत, जेसीबीने नाही! सपाट म्हणजे काय ते मला विचार."

काकांनी कुदळ उचलली. टेकाड फोडायचं, घमेल्याने माती खळग्यात ओतायची, धुमसाने ठोकायची. उंची जुळवायला गवंड्याकडून पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणली होती. तिचं एक टोक काकूंच्या हातात.

"वर घे! अगं, अजून वर!"

"हात संपला माझा. आता झाडावर चढू?" काकू दवाखान्यात नर्स होत्या. "आयुष्यभर सलाईनच्या नळ्या धरल्या, पण इतका किरकिरा पेशंट बघितला नाही. आणि अहो, पाणी जायला थोडा उतार नको का?"

"उतार? माझ्या दारात?" काका असे बघत राहिले, जणू काकूंनी दारात खड्डा खणायची परवानगी मागितली होती.

पाठ धरली, तळहात सोलले, पण दिवाळं निघेल ते कंबरेचं, हट्टाचं नाही. शेवटी अंगण कॅरमबोर्डासारखं झालं. काका त्यावर अनवाणी फिरले आणि भिंतीकडे तोंड करून हळूच डोळे पुसले. धूळ गेली, म्हणाले.

मग नातेवाइकांना घर बघायला बोलावलं. पाहुणे आत चहा पीत होते. मेहुण्याने टाकी भरायला मोटर लावली आणि गप्पांत विसरला. टाकी वाहू लागली. पाणी अंगणात उतरलं आणि कुठे जावं ते न कळून तिथेच थांबलं. थोड्या वेळाने पायरीखालच्या चपला तरंगू लागल्या. आत्याबाईंची डावी चप्पल थेट फाटकापाशी पोचली.

सगळे दाराशी धावले. काकांच्या चेहऱ्यावर मात्र तेज चढलं.

"बघा! इकडे घोट्याएवढं, तिकडेही घोट्याएवढं! एका रेषेचा फरक नाही!"

तेवढ्यात पाणी बुटकी पायरी चढून उंबऱ्यावरून घरात शिरलं.

"लेव्हल अगदी झकास आहे," काकू म्हणाल्या. "आता ती माझ्या स्वयंपाकघरातून बाहेर काढा."

मेहुणा मोटर बंद करायला पळाला. पाहुणे पाटलोणी गुडघ्यापर्यंत दुमडून पाणी उपसू लागले. आत्याबाई बादली भरताना इतक्या हसल्या की त्यांना धरून बसवावं लागलं. काका आधी चिडले, मग खजील झाले आणि शेवटी तेही खो खो हसत सुटले.

माती वाळल्यावर त्यांनी घराकडून फाटकाकडे बेताचा उतार काढला. काकूंनी पायरीवरून बादली ओतली. पाणी खळखळत थेट बाहेरच्या गटारात गेलं.

हल्ली कुणी अंगणाची चौकशी केली की काका ऐटीत सांगतात, "उतार मुद्दाम ठेवलाय. पाण्याचा विचार आधी करावा लागतो."

काकू शेजारीच शेंगा सोलत असतात. त्या तोंडात दोन दाणे टाकतात आणि काकांना खुशाल बोलू देतात.