क्लब शेठला लिहून दिला तेव्हा

हे लिहावं की नाही, ठरत नव्हतं. आमचा फुटबॉल क्लब शेठने नेला असं कारंजा गावात सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. पण कागद वाचून दाखवला होता मी.

क्लब चाचांचा. बसस्टँडमागे त्यांचं शिलाईचं दुकान आहे. उरलेल्या हिरव्या कापडातून ते दरवर्षी आमच्या जर्स्या शिवायचे, त्यामुळे प्रत्येकाचा हिरवा वेगळा. मी कामरगावहून कॉलेजला येतो. गोलकीपर आहे. तेव्हा गवंड्यांचे रबरी हातमोजे घालून खेळायचो. एसटीने मॅचला जायचो आणि बहुतेक वेळा हरून एसटीनेच परत यायचो.

मग शेठ आले. त्यांची कापसाची जिनिंग मिल आहे. तीन-चार दिवस त्यांनी गाडीत बसूनच आमचा सराव बघितला. बूट, जाळी, खरे ग्लोव्हज, जायला-यायला गाडी, सगळं देतो म्हणाले. फक्त क्लबची रीतसर नोंद हवी, म्हणून कागद पाठवला. तीन पानं, इंग्रजीत.

चाचांनी मशीनवरचं कापड सारून तो तिथे ठेवला.

"सरका बे, प्रोफेसर आले!" आमचा स्ट्रायकर ओरडला.

"तू हासू नको. त्याले इंग्रजी येते, तुले चड्डीची नाडी बांधता येत नाई," चाचा म्हणाले. "वाच बेटा."

मी वाचत अर्थ सांगत गेलो. तिसऱ्या पानावर एक वाक्य सहा ओळी चाललं होतं. दोनदा वाचलं, अर्थ लागला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मला समजत नाही, हे चारचौघांत म्हणणं मला जमलं नाही.

"काय म्हणून राह्यलं ते?" चाचांनी विचारलं.

"काई नाई चाचा. असंच लिहून असते. बरोबर हाये सगळं."

चाचांनी सही केली.

त्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो. हरलो, तरी शेठनी जेवण दिलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या वर्षी कप आणायचा." घरी जाऊन मी आईला हे दोनदा सांगितलं.

पुढच्या वर्षी कप आला. आणला बाहेरून आलेल्या पगारी खेळाडूंनी, आमच्या क्लबच्या नावाने. सराव सुरू व्हायच्या आधीच शेठचा माणूस मैदानावर येऊन म्हणाला होता, "ग्लोव्हज जमा कर." शेठ गाडीतच होते. त्यांनी काच खाली केली नाही.

चाचा त्यांच्याकडे गेले, तर मॅनेजरने तिसरं पान हातात दिलं. या वेळी मी डिक्शनरी घेऊन बसलो. क्लबचं नाव, स्पर्धेतली जागा, खेळाडू निवडायचा हक्क, सगळं कायमचं शेठचं होतं.

"चाचा, मले तवाच समजलं नवतं," मी म्हणालो.

ते सुईत दोरा ओवत होते. बराच वेळ ओवला गेला नाही.

"तुह्या तोंडावर दिसलं होतं," ते म्हणाले. "पन पोराईले बूट पायजे होते."

यंदा शेठचं मन क्रिकेटमध्ये रमलं आहे. पगारी खेळाडू परत गेले. संघ बंद पडला, नाव मात्र त्यांच्याकडेच राहिलं. आम्हाला खेळायचं तर नवी नोंद करावी लागते. परवा चाचांनी नवा कागद मशीनवर ठेवला. दुसऱ्या पानावर मी थांबलो.

"चाचा, हे वाक्य मले समजत नाई."

स्ट्रायकरही वाकून कागदात बघायला लागला. चाचांनी कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि त्या वाक्याखाली रेघ ओढली. "समजून घेऊन ये. मंग सही."

कागद माझ्या दप्तरात आहे. उद्या कॉलेजात सरांना दाखवीन. त्यावर क्लबच्या नावाची जागा अजून कोरी आहे. जुनं लिहिता येत नाही, आणि नवं कोणी सुचवत नाही.